दादाचं वेल्डिंग

दादा, गेले काही दिवस दुपारी जरा डोळा लागला की मी तुझ्या जीपच्या डाव्या बाजूला उकिडवी बसलेली असते. जीपचा मागचा भाग घोडीवर चढवलेला, मागची दोन्ही चाकं अधांतरी आणि माझे दोन्ही हात डाव्या चाकावर. तू पलीकडे, उजव्या चाकापाशी. मध्ये गाडी असल्यामुळे तू दिसत नाहीस, खालून फक्त तुझ्या चपला दिसतात. मी चाक पुढे फिरवते. पलीकडून तू म्हणतोस, "माझं मागे गेलं." मग तू पुढे फिरवतोस आणि माझ्या हाताखालचं चाक आपणहून मागे सरकतं. ऊन पत्र्यावरून हळूहळू उतरतं, आणि आपण दोघं काही न बोलता चाकं फिरवत राहतो. जाग आली की मी तळहात हुंगून बघते, रबराचा वास येतोय का म्हणून.

तसं पाहिलं तर हे स्वप्न नाहीच. आपण खरंच असे बसलो होतो, सिकंदराबादला, उस्तादांच्या गॅरेजमध्ये. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तू चांगली पेन्शनीची सरकारी नोकरी दोन वर्षांत सोडून उस्तादांच्या हाताखाली काम शिकायला लागला होतास, आणि त्यामुळे आप्पा तुझ्याशी बोलायचे ते फक्त माझ्यामार्फत. "त्याला म्हणावं, जेवायला बस." तू समोर पाटावर बसलेला असायचास. मीही मुकाट्याने "दादा, आप्पा म्हणतात जेवायला बस" असं सांगायचे, आणि तू तितक्याच गंभीरपणे "आप्पांना सांग, बसतो" म्हणायचास. वकिली आणि कारकुनी यांच्यापलीकडे आपल्या घराण्यात कुणी पोटासाठी हात काळे केले नव्हते. तू केलेस, आणि वर त्या हातांनी घरी पोळी खात होतास, हा आप्पांच्या दृष्टीने गुन्हाच होता.

डिफरन्शियल म्हणजे काय ते मात्र तू मला गॅरेजच्या आधीच शिकवलं होतंस, हिमायतनगरच्या आपल्या गच्चीवर. कपडे वाळत घालायची वेळूची काठी आणलीस. एक टोक माझ्या हातात दिलंस, दुसरं तू धरलंस. "चल, सरळ." आपण शेजारी शेजारी सरळ गेलो. "आता उजवीकडे वळ." तू आतल्या बाजूला होतास. तू जवळजवळ जागच्या जागी पाय हलवत राहिलास आणि मला काठीच्या टोकाला धरून पळावं लागलं. पदर सुटला, धाप लागली. तू म्हणालास, वळणावर आतल्या चाकाला कमी जायचं असतं, बाहेरच्याला जास्त. दोघांना एकाच सळईला घट्ट जखडून टाकलं तर एकाला फरफटत यावं लागेल किंवा सळई तुटेल. म्हणून मध्ये काही दातेरी चक्रं बसवतात. ती दोघांना आपापल्या चालीने चालू देतात. त्याचं नाव डिफरन्शियल. खालून आई ओरडली की वर काय धिंगाणा चाललाय, आणि तुझा वर्ग तिथेच संपला.

त्याची दुसरी बाजू तू गॅरेजमध्ये दाखवलीस. ही मोकळीक सपाट रस्त्यावर चांगली. पण एक चाक चिखलात गेलं की ते गरगर फिरत राहतं, आणि दुसरं कोरड्या जमिनीवर घट्ट उभं असूनही ढिम्म हलत नाही. चारही चाकांना इंजिन जोडलेली जीपसुद्धा अशी रुतून बसते. त्यावर उपाय म्हणजे लॉकर. एक सरकणारी दातेरी कडी. ती सरकली की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि जे घट्ट उभं आहे ते गाडी बाहेर काढतं. परदेशी गाड्यांना तो कारखान्यातूनच येतो, असं तू कुठल्याशा फाटक्या मासिकात वाचलं होतंस. मग लष्कराच्या लिलावातून आलेल्या त्या जुन्या जीपसाठी तो तू स्वतःच बनवलास. लेथवर दाते कापलेस, कडी बसवलीस, वेल्डिंग केलंस, ड्रायव्हरच्या सीटशेजारी हातभर उंचीचा लिव्हर लावलास. त्या दुपारी चाकं उलटसुलट फिरवून झाल्यावर तू आत हात घातलास, गिअर काढलास, लिव्हर पुढे ढकललास. मागे कुठेतरी टक् झालं. "आता फिरव." मी फिरवलं, आणि पलीकडचं तुझं चाक माझ्या चाकाबरोबर पुढे आलं. मला का कोण जाणे, भरून आलं. तू मात्र खालून ओरडलास, "वसू, चहा सांग गं दोन."

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. तुझं म्हणणं, डिफरन्शियल मूर्ख आहे. जे चाक फुकट फिरतंय त्यालाच सगळा जोर देतो आणि जे इमानाने उभं आहे त्याला उपाशी ठेवतो. मी म्हणायचे, अजिबात नाही. तो दोघांना अगदी सारखाच जोर देतो. पण चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतोच थोडा, म्हणून दुसऱ्यालाही तेवढा थोडाच मिळतो, आणि तेवढ्याने गाडी हलत नाही. तू हसायचास. "तुझ्या फळ्यावर बरोबर असेल ते. माझ्या चिखलात नाही." पुढे मी तीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं, हजारभर मुली माझ्या हाताखालून गेल्या, आणि एका मेकॅनिकला एवढी एक गोष्ट पटवता आली नाही. गंमत म्हणजे, लॉकर नसलेली गाडी रुतली की तू काय करायचास? ब्रेकवर हलका पाय ठेवायचास. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने थोडं अडवलं की इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, आणि मग उभ्या चाकालाही तेवढाच जास्त मिळतो. म्हणजे तू रोज माझंच म्हणणं सिद्ध करत होतास. हे सांगितलं की म्हणायचास, "ती ट्रिक आहे. ट्रिकला नियम नसतो." कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ताणकाटे आणून एकदाचा निकाल लावू, असं मी तुला गेल्या दिवाळीत म्हटलं होतं. ताणकाटे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. निकाल तसाच राहिला.

पण आज मी तुला त्या भांडणाबद्दल लिहीत नाहीये. तेराव्याला जे झालं ते सांगायचंय.

गोडाचं जेवण चाललं होतं. आमटी वाढता वाढता बादलीची कडी एका बाजूने निखळली. आमटी सांडली नाही, थोडक्यात वाचली. आणि ओंकारच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दादाचं वेल्डिंग!" तुझा मुलगा, वडिलांच्या तेराव्याला. सगळे एकदम हसायला लागले. वहिनी हसता हसता रडायला लागली. आपल्या घरात खुर्चीचा पाय डुगडुगला, कपाचा कान तुटला, छत्रीची काडी निघाली की गेली कितीतरी वर्षं हेच म्हणतात. मुलांना तर ते कुठून आलं हेही माहीत नाही. त्यांच्यासाठी तो एक शब्दच आहे, तुटक्याफुटक्या वस्तूचा. तू असायचास तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तूच हसायचास. त्या दिवशी पंगतीत फक्त मी हसले नाही. मला हात धुवायला उठावं लागलं.

कारण ते कुठून आलं हे मला माहीत आहे. आणि त्यात तुझं वेल्डिंग कुठेच नव्हतं.

विकाराबादकडे आप्पांच्या मामेभावाचं शेत होतं. ते बघायला जायचं निघालं तेव्हा तू माझ्यामार्फत आप्पांना विचारलंस, जीपने नेऊ का. आप्पा म्हणाले, "त्याला म्हणावं, बघू." त्यांच्या बाजूने ही संमतीच होती. रविवारी सकाळी तू जीप धुऊन पुसून दाराशी आणलीस, आप्पांच्या सीटवर आईची जुनी सतरंजी घडी करून घातलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेला निघालेल्या मुलाचा असतो तसा होता. तुला आप्पांना काय दाखवायचं होतं, हे आपल्या तिघांनाही ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

शेताच्या वाटेवर आदल्या दिवशीच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती. तू मुद्दाम त्यातून गाडी घातलीस, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जीप रुतली. तू खाली उतरलास, आप्पांनाही हात देऊन बांधावर उतरवलंस, आणि चक्क स्वतः त्यांच्याशी बोललास. "हे बघा आप्पा. हे चाक नुसतं फिरत होतं. हे उभं होतं." मग मला हाक मारलीस. तू मला दोन महिन्यांपासून परेड ग्राउंडच्या बाजूला चोरून गाडी शिकवत होतास, ते त्या क्षणी उघडं पडलं. "वसू, बस. लिव्हर पुढे ढकल, क्लच हळू सोड." मी ढकलला. टक्. जीपने एक आवंढा गिळल्यासारखं केलं आणि चिखलातून सरळ बाहेर आली, चारही चाकं एका लयीत. बांधावरून आप्पा म्हणाले, "हं." आप्पांचं 'हं' म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तुझे डोळे भरून आले होते.

परतताना तू म्हणालास, वसूच चालवू दे. आप्पा माझ्या शेजारी बसले, तू मागे. निघताना एकदाच म्हणालास, "डांबरावर आलो की लिव्हर मागे घे." मी मान हलवली. आणि बरोबर डांबर लागलं तेव्हा आप्पा मागे वळून म्हणाले, "हे करायला किती दिवस लागले तुला?" तुला. थेट. माझ्यामार्फत नाही. तू सांगायला लागलास, दाते कसे कापले, उस्ताद काय म्हणाले, दोन वेळा कसं फसलं. आप्पा ऐकत होते. मीही ऐकत होते, आणि इतकी खूश होते की लिव्हर माझ्या डोक्यातून साफ गेला. स्टीअरिंग जड लागत होतं, ते मला वाटलं मी नवखी आहे म्हणून. पुढे रेल्वेच्या पुलाखाली काटकोनात वळण होतं. दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली, खाली कोरडं डांबर, एकाला जास्त जायचं, एकाला कमी. तू गच्चीवर शिकवलं होतंस तेच. जीप दोन उड्या मारल्यासारखी हबकली आणि कडाक् असा आवाज आला.

मला त्याच क्षणी कळलं. माझी नजर लिव्हरवर गेली. तो पुढेच होता.

मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. तू गाडीखाली गेलास, बाहेर आलास, ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकलास, मग रुमालाला हात पुसत आप्पांपाशी गेलास. म्हणालास, "माझं वेल्डिंग कमी पडलं, आप्पा." आप्पा चिंचेखालच्या दगडावर जाऊन बसले. टोचन करून न्यायला गाडी मिळेपर्यंत ते दोन तास तिथे बसले आणि त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही माझ्याकडे बघून. "त्याला म्हणावं, सरकारचं टेबल मोडत नसतं." घरी जाण्यापूर्वी मी हिंमत करून जीपमध्ये डोकावले होते. लिव्हर मागे होता. मला वाटलं, त्या दणक्याने आपोआप मागे आला असणार. म्हणजे कुणाला कधीच कळणार नाही. खरं सांगते दादा, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

त्याच महिन्यात माझ्या पुण्याला जायचं ठरायचं होतं. एम.एस्सी.ला मुलीला एवढ्या लांब ठेवायचं की नाही, यावर आप्पांचं मन सारखं पुढेमागे होत होतं. मी स्वतःला सांगितलं, तिकडून आले की सांगेन. आले, तेव्हा घरात 'दादाचं वेल्डिंग' रूढ झालं होतं. मग माझी नोकरी, लग्न, तुझं लग्न. मग आप्पा थकले. ते तुझ्या गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत. डॉक्टरकडे जायचं तरी रिक्षा मागवायचे आणि तू रिक्षाच्या मागे मागे स्कूटरवर यायचास. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. आप्पा अंथरुणावर होते, मी त्यांच्या पायाशी रोज संध्याकाळी बसत होते, तोंड उघडायला मला कुणी मनाई केली होती? आप्पा गेले, आणि सांगण्यात अर्थ उरला नाही असं मी ठरवून टाकलं. अर्थ तू होतास, समोर चहा पीत बसलेला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी वहिनीने विचारलं, "वसूताई, जीपचं काय करायचं? ओंकारला तर वेळ नै, आणि नुसती उभी राहून सडेल." मी म्हटलं, मी बघून येते. गॅरेज आता उस्तादांची मुलं चालवतात, पण उस्ताद अजूनही रोज सकाळी येऊन दारातल्या खुर्चीवर बसतात. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. माझा हात दोन्ही हातांत धरला, मग म्हणाले, "जाओ, मिल लेओ उसकू."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्या पुलानंतर मी या सीटवर कधी बसले नव्हते. माझी छोटी गाडी मी रोज चालवते, पण हिच्यात बस म्हटलं की काहीतरी कारण काढायचे, आणि तूही आग्रह करायचा नाहीस. किल्ली फिरवली. लिव्हर पुढे ढकलला. टक्. आणि डॅशबोर्डवर, अगदी डोळ्यांसमोर, एक लाल दिवा लागला. तो दिवा मला माहीत होता. तू लॉकर बसवलेल्या प्रत्येक गाडीत तो असायचा. मी तुला चिडवायचे की ज्याने लिव्हर ढकललाय त्याला माहीत नसतं का, दिवा कशाला हवा. तू म्हणायचास, "विसरतात गं लोक."

मग मी लिव्हर मागे ओढायला गेले. येईना. जोर लावला, तरी येईना. वाकून बघितलं तर मुठीखाली एक छोटा खटका होता. अंगठ्याने तो दाबून धरला तरच लिव्हर मागे येत होता. पुढे ढकलताना खटका आपला आपण बसतो, म्हणून मला त्या दिवशी तो जाणवलाच नव्हता. आणि मागे तर मी कधी घेतलाच नव्हता.

"उस्ताद," मी तिथूनच विचारलं, "ये खटका कब लगाया?"

"खटका? शुरू से है बेटी. उसके बगैर लिव्हर उछल के आ रा था पीछे. जीप पैली बार रोड पे निकालने से पैलेइच मैं लगा को दिया."

म्हणजे दणक्याने लिव्हर मागे येऊच शकत नव्हता. कुणीतरी आत वाकून, अंगठ्याने खटका दाबून, तो मागे घेतला होता. रुमालाला हात पुसण्याआधी.

बाहेर कुणीतरी पाना आपटत होतं. आणखी एक गोष्ट तेव्हा समोर आली, आणि ती तर मला पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. तुटला होता तो एक्सल, चाकाला फिरवणारा दांडा. एक्सलवर वेल्डिंग नसतंच. आप्पांना त्यातलं काही कळणार नव्हतं, म्हणून तू बिनधास्त बोलून गेलास. पण मी पदार्थविज्ञान शिकत होते, दादा. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"और ये बत्ती?" मी विचारलं.

उस्तादांना हसू आलं. "बत्ती बाद में आई. वो विकाराबाद से टोचन करके लाए ना, उसके दूसरे दिन. सुबू सुबू आया, बेगम बाजार से कुंकू की डिब्बी लाया था, उसका लाल ढक्कन काट को काच बनाया. मैं बोला, कायकू रे ये फालतू चीज? बोला, उस्ताद, गलती हाथ की नै है, आँख की है. हाथ बिचारा क्या करता, आँख कू दिखना ना, बोल्के."

मी वाकून बघितलं. दिव्यावरचं लाल प्लास्टिक अजून तेच आहे. कडेला डबीच्या झाकणाचे आटे दिसतात.

मग मी लिव्हर पुन्हा पुढे ढकलला, जीप सुरू केली आणि दिवा तसाच ठेवून गॅरेजच्या फरशीवर वळसा घ्यायला लागले. का, ते मलाही सांगता येणार नाही. स्टीअरिंग जड झालं, गाडी अडखळली, मागे काहीतरी आवळलं गेल्यासारखं वाटलं. अगदी तसंच, पुलाखाली वाटलं होतं तसं. त्या दिवशी मी थांबले असते तर काहीच तुटलं नसतं. या वेळी थांबले. खटका दाबून लिव्हर ओढला, तर तो हलेना. ताणात असला की लॉकर सुटत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, हाताला पहिल्यांदाच कळत होतं. उस्ताद खुर्चीवरून म्हणाले, "जोर नक्को लगाओ बेटी. जरा पीछे लेओ, वो आपी छोड़ देता." मी जीप वीतभर मागे घेतली. लिव्हर अलगद हातात आला आणि दिवा विझला.

जीप चालवतच मी हिमायतनगरला आले. नारायणगुड्याच्या चौकात लोक एका पिकल्या केसांच्या बाईला एवढ्या मोठ्या जीपमध्ये बघून वळून बघत होते. मध्येच मला भास झाला की तू मागे बसलायस आणि कुणालातरी दाते कसे कापले ते सांगतोयस. मी आरशात बघितलं नाही.

वहिनी आणि ओंकार खाली आले. ओंकार लगेच चढून बसला, इकडेतिकडे हात लावायला लागला. लिव्हर ढकलून म्हणाला, "आत्या, हे रेड लाइट कशाचं आहे?"

"माझं," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी तिथेच, फाटकात उभं राहून, सगळं सांगितलं. चिखल, आप्पांचं 'हं', डांबर, पूल, लिव्हर, खटका. मराठी वाचताना अडखळणारा तुझा मुलगा शब्दन् शब्द ऐकत होता. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "तेव्हा यापुढे घरात काही तुटलं तर आत्याचं ड्रायव्हिंग म्हणायचं." ओंकार हसला नाही. त्याने तळहाताने स्टीअरिंग पुसलं, स्वच्छ असूनही.

वहिनी फाटकाला धरून उभी होती. म्हणाली, "पण मग इतकी वर्षं हे आमच्याबरोबर हसायचे कशाला?"

मी आत वाकले, खटका दाबून लिव्हर मागे घेतला. घरात सगळे 'दादाचं वेल्डिंग' म्हणून हसायचे तेव्हा तू हसता हसता एकदा माझ्याकडे बघायचास. मला वाटायचं, तू सगळ्यांकडेच तसा बघतोस. मी पुण्याला जावं, शिकावं, आप्पांसमोर मान ताठ ठेवून उभं राहावं, म्हणून तू आप्पांचं ते एकुलतं एक 'हं' देऊन टाकलंस आणि पुन्हा कधी मागितलं नाहीस. तू एकदा जरी विचारलं असतंस, "वसू, लिव्हर?" तर मी सगळं सांगितलं असतं. विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. आपण दोघं गाडीच्या दोन बाजूंना बसलो होतो, मध्ये एवढी मोठी गाडी.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, दादा. फक्त ते एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.